वकीलसाहेबांचे मोजे

अंबादेवीची शप्पथ! तिच्या शेजारच्या एकवीरेची शप्पथ! अन् तेवढ्यानं भागत नसन तर माह्या या उरलेल्या चार दातांची शप्पथ! यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर उद्यापासून माह्या चहात साखर टाकू नका.

तर ऐका. अमरावतीले अनसूयाबाई म्हणून एक मास्तरीण होती. होती म्हणजे आहे, रिटायर झाली एवढंच. बत्तीस वर्षं तिनं दहावीच्या पोरांले मराठी शिकवलं, अन् त्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते जाहिरातलेखन. तुमाले माहीत आहे ना, पेपरात प्रश्न राहते, छत्रीची जाहिरात तयार करा, योगवर्गाची जाहिरात तयार करा. पोरं लिहितात, 'त्वरा करा! त्वरा करा!' मथळ्याले एक मार्क, शब्द आकर्षक असले तर एक, पत्ता लिहायचा विसरला तर अर्धा कापला. असे गठ्ठेच्या गठ्ठे तिनं तपासले. तिच्या लाल पेनाची एवढी दहशत होती, की राजापेठेतले दुकानदार पाटी रंगवायच्या आधी तिच्या घरावरून एक चक्कर मारून यायचे, अन् ती खिडकीत दिसली तर 'सर्वात स्वस्त' खोडून 'त्यातल्या त्यात स्वस्त' लिहायचे. माह्या डोळ्यानं पाहिलं हे.

पण बत्तीस वर्षं 'त्वरा करा' वाचून माणूस थकते हो. रिटायर झाल्यावर तिले वाटलं, सुटलो. आता आपल्याले कोणी काही पटवून देणार नाही, अन् आपल्याले कोणाले काही पटवायचं नाही. पण सवय कुठं जाते? पेपर उघडला की दिसायचं, इथं भीती दाखवली, इथं गर्दी दाखवली, इथं नुसता डॉक्टरचा पांढरा कोट टांगला, आत डॉक्टर नाही. आधी आधी असं काही सापडलं की मजा वाटायची. आता ती बी गेली होती. नुसतं दिसायचं, अन् डोळे दुखायचे.

अशात मार्च महिन्यात एक दिवस फोन वाजला.

"ताई, मी मानिकबाई बोलून राहिली अकोल्याहून. वकीलसायेबाच्या पोळ्या करतो ना, थे."

वकीलसाहेब म्हणजे बापूसाहेब, अनसूयाबाईचा सख्खा मोठा भाऊ. जठारपेठेत एकटाच राहते. बायको चार वर्षांपूर्वी गेली, पोरगी ऑस्ट्रेलियात. वय शहात्तर.

"काय झालं माणिकबाई?"

"आता कसं सांगू तुमाले. सायेबाचे मोजे मीच धुतो. त डाव्या मोज्याले रोज रक्त राहते. इचारलं त म्हनते डाळिंब सांडलं. मोजे घालून कोनी पायानं डाळिंब खाते का ताई?"

"अन् शुगरच्या गोळ्या घेते ना तो?"

"कुठच्या गोळ्या! दोन म्हैने झाले, डब्बा तसाच्या तसा. कोन्या सेंटरात जाते, म्हनते आता गरज नाही. तुमी या बाप्पा. माह्यं ऐकत नाही थो मानूस."

अनसूयाबाईनं फोन ठेवला. शुगरच्या माणसाची पायाची जखम काय करते, हे तिले चांगलं माहीत होतं. या दोघा बहीणभावांच्याच वडिलांचा पाय गुडघ्यापासून कापला होता. पण खरं सांगू का, भीतीच्या आधी तिले थकवा आला. कारण हा भाऊ म्हणजे साधा माणूस नव्हे. याले पटवायचं म्हणजे विहिरीले पाणी पाजायचं.

बापूसाहेबाची वकिली तुमाले माहीत नसन. एकदा बाळापूरची म्हैस चोरी गेली, अन् दोघं जण म्हणे माही, माही. बापूसाहेब म्हणे, साक्षीदारालेच विचारा. म्हैस कोर्टाच्या आवारात आणली, बापूसाहेबानं तिच्या कानाशी वाकून दहा मिनिटं युक्तिवाद केला, अन् म्हैस सरळ चालत जाऊन खऱ्या मालकापाशी उभी राहिली, अन् दुसऱ्याकडे पाहून अशी मान हलवली की त्यानं तिथंच गुन्हा कबूल केला. अन् तारखा? तारखा घेण्यात त्याचा हात धरणारा सगळ्या वऱ्हाडात नव्हता. एका बांधाच्या केसमध्ये त्यानं एवढी वर्षं तारखा घेतल्या, की तोवर दोन्ही पार्ट्यांची पोरं मोठी होऊन त्यायचं आपसात लग्न लागलं, अन् बांध आपोआप मिटला. असा माणूस.

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई एसटीत बसली. खिडकीतून ऊन येऊन राहिलं होतं. अमरावती ते मूर्तिजापूर, मूर्तिजापूर ते अकोला, रस्त्याच्या दोन्ही बाजूले पाट्या. शंभर टक्के निकाल. एकच वाण, सोन्याची खाण. गुडघेदुखीवर रामबाण. ती वाचायची नाही म्हणायची, अन् डोळे वाचायचे. शेवटी तिनं पदर तोंडावर घेतला.

घरी पोचली तर बापूसाहेब बंगईवर झोके घेत बसलेला. अकोल्याचा मार्च, दुपारचे दोन, पंख्यातून बी झळा येऊन राहिल्या, अन् याच्या पायात जाड मोजे!

"ये अनु! अचानक कशी काय?"

"तुह्या पायासाठी आली. मोजे काढ."

"आल्या आल्या झडती? वॉरंट आहे का?"

"दादा, मोजे काढ."

"उद्या सकाळी माह्यासोबत केंद्रात चल," तो म्हणे. "आधी पाह्य, मग बोल. पाहिल्याशिवाय निकाल देणारी तू मास्तरीण नव्हती."

ते केंद्र तिथंच जवळ, एका रिकाम्या गाळ्यात. सकाळी सात वाजता चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्यांवर ओळीनं बसलेल्या, प्रत्येकापुढे एक स्टीलची गरम पट्टी. चपला काढायच्या, वीस मिनिटं त्यावर अनवाणी पाय ठेवायचे. म्हणे रक्त फिरते, अन् रक्त फिरलं की सगळे रोग जातात. रोज फुकट. हे पट्टीचं मशीन विकत घ्यायचं की नाही ते तुमी मग ठरवा, घाई नाही. 'घाई नाही' हे ऐकून अनसूयाबाईचे कान टवकारले. त्वरा करा म्हणणारे तिनं लाख पाहिले होते. घाई नाही म्हणणारा हुशार.

आचल नावाची एक पोरगी ते सगळं चालवायची. विशी-बाविशीची असन. "मम्मीजी, पाय नीट ठेवा. पप्पाजी, आज चेहऱ्यावर ग्लो आला बरं!" असं प्रत्येकाले नावानं, हात हातात घेऊन. चाळीस जणांत असे किती असतील ज्यायच्या हाताले घरी दिवसभर कोणाचा हात लागत नाही, याचा हिशेब अनसूयाबाईनं मनात केला, अन् हा मार्क कोणत्या रकान्यात टाकायचा ते तिले समजलं नाही.

मग आचलनं माइक घेतला. "आता आपले वकील पप्पाजी अनुभव सांगतील!"

बापूसाहेब उठला. शर्टाची कॉलर नीट केली. अन् काय सांगू तुमाले, दहा वर्षांनी तरणा झाला तो माणूस!

"मित्रहो, मी सत्तेचाळीस वर्षं वकिली केली. खऱ्याचं खोटं अन् खोट्याचं खरं करताना जेवढे लोक मी पाहिले, तेवढे तुमी लग्नाच्या पंगतीत पाहिले नसतील. म्हणून मी कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. सतरा वर्षं मी शुगरची गोळी घेतली. दोन महिन्यांपूर्वी इथं, तुमच्यासमोर, तो डबा बंद केला. अन् आज तुमच्यासमोर उभा आहे. मले पुरावा विचारता? पुरावा मीच!"

टाळ्यांनी गाळा हालला.

अनसूयाबाई मागच्या खुर्चीवर बसून तपासून राहिली होती. संशयी माणूस असल्याचं आधीच सांगितलं, म्हणून विश्वास जास्त बसला. दोन मार्क. सतरा अन् सत्तेचाळीस, आकडे दिले. एक मार्क. लोकांले साक्षीदार करून घेतलं. पूर्ण मार्क. बत्तीस वर्षांत एवढा चांगला पेपर तिनं तपासला नव्हता. अन् तेवढ्यात तिची नजर खाली गेली. गाळ्यात चाळीस जोड अनवाणी पाय, अन् मोजे घातलेला एकच जोड. ज्यानं पट्टीची एवढी तारीफ केली, तो पट्टीवर पायच ठेवत नव्हता.

बाजूले पार्बताबाई म्हणून एक जण बसली होती. ती कौतुकानं म्हणे, "तुमचे भाऊ का हो? देवमाणूस. त्यायचं ऐकून मी बी बीपीची गोळी सोडली."

"अन् बरं वाटते?"

"हाव! सकाळी उठलं की घर फिरते जरासं. पण आचल म्हणते, जुना आजार निघून राहिला."

अनसूयाबाई उठून आचलपाशी गेली. "पोरी, तू ठेवते का गं पाय या पट्टीवर?"

"मले कुठं टाइम मिळते मम्मीजी. सहापासून उभीच राहते मी." आचल हसली. पण तिच्या टाचा अशा फाटल्या होत्या, की अनसूयाबाईले तिच्यावर राग बी नीट करता आला नाही.

घरी येऊन वाद सुरू झाला. पहिल्या दिवशी अनसूयाबाईनं केंद्राचं पत्रक टेबलावर ठेवलं. लाल पेनानं भरलेलं. "हे पाह्य दादा. इथं भीती घातली. इथं आपलेपणा दाखवला. इथं डॉक्टरचा फोटो आहे, नाव नाही. अन् गर्दी तर तुमी चाळीस जण स्वतःच."

बापूसाहेबानं चष्मा लावून सगळं वाचलं. "सगळं मान्य."

"मान्य?"

"शब्द न् शब्द मान्य. पण त्यायनं युक्त्या केल्या म्हणून उपाय खोटा, हे सिद्ध झालं का? चोरानं सांगितलं आज बुधवार आहे, तर बुधवार खोटा होते काय?"

अन् बरोबरच होतं ते. अनसूयाबाई लाल पेन बंद करून जेवायले बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. काळे पडलेले पाय, कापलेले पाय. "बाबांचा पाय आठव," म्हणे.

तो म्हणे, "कालच तू सांगितलं ना, भीती दाखवणं ही युक्ती आहे? मग आचलमध्ये अन् तुह्यात फरक काय?"

ती चिडली, अन् चिडून जे बोलू नये ते बोलली. "वहिनी असती तर तिनं अशी राहू दिली नसती ही जखम!"

बापूसाहेबाचा चेहरा उतरला. "मेलेल्या साक्षीदाराचं बयान ऐकीव धरतात अनु," एवढंच म्हणे, अन् लंगडत आतल्या खोलीत गेला. अनसूयाबाईले स्वतःचीच शरम वाटली. पोरांच्या पेपरात असं रडवणारं वाक्य आलं, की ती समासात लिहायची, 'स्वस्त'. आता स्वतःच्या समासात कोण लिहिन?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. सोबत काही आणलं नव्हतं, ना पत्रक, ना फोटो.

"एकच विचारते दादा. तू त्या पट्टीवर पाय काहून ठेवत नाही?"

त्यानं उजव्या पायानं बंगईचा झोका थांबवला.

"भाजला," तो म्हणे. "पाय बधिर आहे ना माहा, चटका समजलाच नाही. घरी येऊन पाहिलं तर करंगळीले हा एवढा फोड. अन् त्याच दिवशी सकाळी मी माइकवर बोलून बसलो होतो, की गोळी सोडली."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं ना, भाजलं म्हणून!"

"चाळीस लोकांसमोर बोललो अनु. टाळ्या वाजल्या. साक्ष देणारा माणूस साक्ष फिरवते, तेव्हा कोर्ट त्याच्याकडे कसं पाहते, हे मी सत्तेचाळीस वर्षं पाहिलं." मग जरा थांबून तो म्हणे, "अन् खरं सांगू? तुही तारावहिनी गेल्यापासून या घरात माह्या बोलण्याले कोणी हूं बी म्हणत नाही."

"मी म्हनतो ना हूं!" आतून, पोळ्या लाटता लाटता, माणिकबाई ओरडली.

अनसूयाबाईले आता दिसलं. त्याले आचलनं फसवलं नव्हतं, पत्रकानं नाही, गर्दीनं बी नाही. हा माणूस स्वतःच्याच युक्तिवादात बांधला गेला होता. म्हशीले पटवणारा वकील, त्यानं स्वतःले पटवलं होतं, अन् आता स्वतःशी केस हरायची त्याले सवयच नव्हती. हे सगळं तिले दिसलं, अन् त्याच्यावर उपाय एक बी दिसला नाही. तीन दिवस बोलून तिचा घसा बसला होता. तिनं खुर्चीच्या पाठीले डोकं टेकलं.

"दादा, मी थकली. खरंच थकली. आज वाद नको. पुढची तारीख दे मले."

बापूसाहेब बंगईवर ताठ बसला. सत्तेचाळीस वर्षांची सवय, तोंडातून शब्द आपोआप निघाला. "कारण?"

"तब्येत."

"कोणाची तब्येत? वकिलाची, पक्षकाराची, का साक्षीदाराची?"

अनसूयाबाईनं डोळे न उघडता म्हटलं, "साक्षीदाराची."

आत माणिकबाईचं लाटणं थांबलं. बापूसाहेब आपल्या डाव्या मोज्याकडे पाहून राहिला होता. ही युक्ती होती का खरंच थकून निघालेलं बोलणं, हे मी अनसूयाबाईले पुढे चार वेळा विचारलं. ती म्हणते, मले बी माहीत नाही.

"तब्येतीचं कारण असन," बापूसाहेब हळूच म्हणे, "तर अर्जासोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा लागते."

"मग काढून आणू."

"साक्ष फिरवली असं नाही होत त्यात."

"नाही होत."

"केस हरलो असं बी नाही. तारीख घेतली, एवढंच."

"एवढंच दादा."

"माणिकबाई! माहा काळा कोट आण."

अन् तुमाले सांगते, तो माणूस त्या उन्हात काळा कोट घालून, गळ्याले वकिलाचा पांढरा बँड लावून ऑटोत बसला, सर्टिफिकेट आणायले! दवाखान्यात मोजा काढला, तेव्हा डॉक्टरनं आधी खिडकी उघडली. वासानंच सगळं सांगितलं. त्याच दिवशी भरती केलं. करंगळी गेली. डॉक्टर अनसूयाबाईले बाजूले घेऊन म्हणे, "चार दिवस उशीर केला असता, तर वडिलांसारखंच झालं असतं." पाय वाचला. गोळ्या सुरू झाल्या, अन् सोबत इंजेक्शन बी.

तीन आठवड्यांनी बापूसाहेब म्हणे, "केंद्रात जायचं."

"आता काहून?"

"तारीख लागली."

काठी टेकत तो आत शिरला, मागून अनसूयाबाई. आचल आनंदानं ओरडली, "वकील पप्पाजी आले!" अन् कोणाले काही समजायच्या आत माइक त्याच्या हातात. तो खुर्चीवर बसला, वाकून स्वतःच्या हातानं डावा मोजा काढला, अन् अनसूयाबाईच्या हातात दिला. पाय पुढे केला.

"मित्रहो," म्हणे, "मी इथं साक्ष दिली, ती अर्धी होती. उरलेली अर्धी ही. या पट्टीवर माहा पाय भाजला, अन् मी तुमाले सांगितलं नाही. गोळी सोडली, त्यानं बोट गेलं. माह्यं ऐकून कोणी गोळी सोडली असन, तर आज घरी जाऊन घ्या. मी वकील आहे, माह्या बोलण्यावर जाऊ नका. पाय पाहा."

अन् असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता, की बाहेर झाडावरचे कावळे उडाले ते थेट बाळापूरच्या किल्ल्यावर जाऊन बसले!

ऑटोत बसल्यावर बापूसाहेबानं विचारलं, "किती मार्क दिले?"

अनसूयाबाई म्हणे, "मथळा नाही, घोषवाक्य नाही, शेवटी पत्ता बी नाही. नापास."

तो हसला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा हसला. मग दोघं बी माना टेकून घरापर्यंत आले. थकले होते बिचारे.

झालं. आता तुमी असे पाहून राहिले माह्याकडे, तर एक सांगूनच टाकते. शप्पथ खाल्ली आहे, अन् चहात साखर मले लागते. टाळ्या वाजल्या नाहीत. त्या मी टाकल्या. कावळे बी मीच उडवले, ते टाळ्यांसोबतच आले, वेगळे मोजू नका. खरं तर गाळ्यात कोणी हाललं नाही. आचलनं माइक परत घेतला अन् गाणं लावून दिलं. म्हातारे आपापल्या पट्टीवर पाय ठेवून खाली पाहत राहिले. एक पार्बताबाई तेवढी उठली, चपला घातल्या, अन् भिंतीले धरून धरून घरी गेली. अनसूयाबाईनं वाजवली असती टाळी, पण तिच्या हातात मोजा होता.

बाकी सगळं खरं. म्हशीचं बी.